नुसत्या सहीची नोकरी

सोलापूर,
बुधवार, भर वैशाख

तीर्थरूप शिवकुमार मामांस,

दानेश्वरीचे शरणार्थ. नमस्कार वाकून करावयाचा असतो हे मला ठाऊक आहे. परंतु गेले काही दिवस ओढ्याच्या चिखलात वाकून काढल्यामुळे माझ्या कमरेने यापुढे कोणासमोरही वाकण्यास नकार दिला आहे, तेव्हा हा नमस्कार उभ्यानेच केलेला समजावा. आपली प्रकृती, मामींचे गुडघे, वैष्णवीचे सासर, नवी म्हैस आणि चिंचेखालच्या डोहावरची आपली मोटर (कुटुंबात तिचे स्थान मामींच्या लगोलग आहे, याची मला जाणीव आहे) ही सर्व मंडळी ठीक असतील अशी आशा करते. इकडे आईला उन्हाचा त्रास होतो आणि बाबांना गिऱ्हाइकांचा. नवी पेठेत लग्नसराईची गर्दी इतकी आहे, की दुकानातून घरी जेवायला येणारा माणूस चहाच्या वेळेस पोहोचतो.

आपण विचाराल, फोन असताना पत्र कशासाठी? मामा, फोनवर आपण बोलता, मी 'हो मामा' म्हणते आणि फोन संपतो. याच पद्धतीने आजवर माझी शाखा ठरली, चष्म्याची काडी ठरली आणि आता नोकरीही ठरली. पत्राचा एक मोठा गुण असा, की वाचणाऱ्याला मध्येच बोलता येत नाही. तो गुण मी आज पुरेपूर वापरणार आहे. आपण चहा मागवून घ्यावा.

सर्वप्रथम, आपण मिळवून दिलेल्या नोकरीबद्दल आभार. मी प्राणिशास्त्रात पहिली आले तेव्हा आपण पेढे वाटलेत आणि त्याच बैठकीत आईला म्हणालात, "पोरगी हुशार हाय, पण चार माणसांत तोंड उघडत न्हाय. तिला जरा भायेर काढाय पायजे." (प्राणी बोलत नाहीत म्हणूनच मी तो विषय घेतला होता, हे मी तेव्हा सांगितले नाही. अर्थात मी काहीच सांगितले नाही.) पुढे आपले स्नेही संगमेश शेठ यांना वैरागच्या अलीकडच्या ओढ्याचे काठ बांधण्याचे काम मिळाले. दर पावसाळ्यात तो ओढा थोडा थोडा काठ खातो आणि शेताकडे जाणारी वाट खाली ओढतो. म्हणून काठाला तारेच्या जाळीत बसवलेल्या दगडांचे अस्तर द्यायचे, असे ते काम. त्याच्या मंजुरीत एक अट होती, की काम चालू असताना पाण्यातल्या जिवांची काळजी घेण्यासाठी जाणकार व्यक्ती नेमावी आणि प्रत्येक टप्प्यावर तिने लेखी संमती द्यावी. ही अट कोणत्या भाबड्या गृहस्थाने घातली ते कळले नाही, पण ती वाचून शेठ आपल्याकडे आले आणि आपण माझ्याकडे. "नुसतं सही करायचं काम हाय की," असे आपण फोनवर म्हणालात. मी 'हो मामा' म्हणाले.

मुलाखत शेठच्या गोदामात झाली. त्यांनी माझी गुणपत्रिका उलटी धरून आदराने पाहिली, परत दिली आणि विचारले, "लई बोलायची सवय न्हाय न्हवं?" मी मान हलवली. "मग झालं की!" आयुष्यात प्रथमच एखाद्या पदासाठी लागणारी संपूर्ण पात्रता माझ्या अंगी असल्याचे मला आढळून आले.

आता काम कसे चालते ते सांगते, कारण पुढचे सर्व त्यावर अवलंबून आहे. ओढ्याचा जो भाग बांधायचा त्याच्या वर आणि खाली मातीचे दोन बांध घालतात, मधले पाणी पंपाने उपसून टाकतात आणि मग पोकलेन आत उतरते. हे मधले पाणी रिकामे नसते. त्यात मरळ असते, वाम असते, झिंगे असतात, खेकडे असतात. आणि उन्हाळ्यात पाणी आटू लागले की तळाच्या चिखलात स्वतःला गाडून घेऊन पावसाची वाट पाहत निमूट बसणारी कासवे असतात. (आजूबाजूला गडबड वाढली की मातीत शिरून गप्प बसावे, ही मला माहीत असलेल्या सर्व प्राण्यांच्या सवयींपैकी सर्वांत समंजस सवय वाटते.) मासे पाण्यात दिसतात, म्हणून त्यांची दया येणे सोपे असते. कासव दिसत नाही. त्यामुळे पाणी उपसले, चिखल मोकळा दिसला, की त्यावर दगड रचले जातात आणि खालचा जीव खालीच राहतो. ते होऊ द्यायचे नाही, एवढेच माझे काम. मी ते काम असल्याप्रमाणे करू लागले, हीच पहिली चूक.

पोकलेन चालवणारे तिप्पण्णा हे हद्दीपलीकडच्या, कर्नाटकातल्या गावचे, मोठे सज्जन गृहस्थ. त्यांच्या यंत्राच्या आवाजापुढे बोलणे मला अशक्य होते. खरे तर यंत्र बंद असतानाही मला ते अशक्यच होते. म्हणून मी लेखी मार्ग पत्करला. 'उजव्या काठालगत झिंग्यांचा अधिवास असल्याने यंत्राची पुढील हालचाल तूर्त स्थगित ठेवावी, ही नम्र विनंती', अशा मजकुराच्या चिठ्ठ्या मी सुवाच्य अक्षरात लिहून त्यांना देत असे. ते प्रत्येक चिठ्ठी दोन्ही हातांनी घेत, कपाळाला लावत, केबिनच्या काचेवर देवाच्या तसबिरीशेजारी चिकटवत आणि यंत्र थेट त्याच झिंग्यांवर घालत. मला वाटले, माझी भाषा पुरेशी नम्र नसावी. म्हणून मी ती आणखी नम्र केली. अखेर दगड रचणाऱ्या बायकांची मुकादम मायाक्का माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "मॅडम, त्याला कानडीबिगर काय वाचाय येतंय व्हय? तुमच्या चिट्ट्या अंगाऱ्यावानी जपून ठिवल्यात त्यानं. तोंड हाय न्हवं तुमाला? मग बोला की!" मी 'हो' म्हणाले आणि बाभळीच्या मागे जाऊन थोडा वेळ पुस्तक वाचले. (कानडी मला येते, मामा, आजोळी अव्वांच्या मांडीवर शिकलेली आहे. पण ती मला फक्त बोलता येते, लिहिता येत नाही. म्हणजे मला जे करता येत नव्हते तेवढेच तिप्पण्णांच्या उपयोगाचे होते.)

यानंतर टॉवेलचे प्रकरण. काम चालू असता उठलेला गाळ खालच्या पाण्यात गेला तर माशांचे कल्ले भरतात आणि ते गुदमरतात. म्हणून खालच्या बांधापलीकडे पाण्यात दाट विणीच्या कापडाचा पडदा टांगायचा असतो. त्यासाठी ठरावीक जाड कापड मिळते. शेठना हे सांगितले (म्हणजे लिहून दिले), तेव्हा ते खो खो हसले. "कापडच लागतंय न्हवं? आन सोलापुरात कापड इकत आनायचं?" दुसऱ्या दिवशी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका यंत्रमागवाल्याकडून टेम्पोभर टॉवेल आले. आपण ते पाहताक्षणी ओळखले असते, मामा. वैष्णवीच्या लग्नात आहेरासाठी म्हणून आपण काढायला सांगितलेले, दोन्ही टोकांना मोर असलेले, गडद गुलाबी. आपण त्यातला एक बादलीत बुडवून पाहिला होता आणि "ह्यो आहेर दिला तर पाव्हनं गुलाबी हून घरला जातील" असे म्हणून सगळा माल माघारी पाठवला होता. मागवाल्याने तो टाकून दिला नाही. आपल्या गावात टॉवेल टाकून देत नाहीत. तो योग्य पाहुण्याची वाट पाहतो.

तर ते टॉवेल एकमेकांना शिवून, बांबूंना बांधून ओढ्यात टांगण्यात आले. टॉवेलचा धर्म पाणी पिण्याचा आहे आणि सोलापूरचा टॉवेल तो धर्म मनापासून पाळतो. पडद्याने पाणी प्यायला सुरुवात केली. बांबू वाकले, मग मोडले, मग सगळे मोर रांगेने तळाशी गेले. आणि दुपारपर्यंत खालचा ओढा रंगपंचमी होऊन गेल्यासारखा दिसू लागला. वैरागहून माणसे बघायला आली. दोघींनी काठावर हळदकुंकू वाहिले, एका महाविद्यालयीन तरुणाने रील काढली, आणि एका म्हशीने पाण्याकडे पाहून तोंड फिरवले (त्या दिवशी ओढ्यावर जमलेल्यांत पाण्याची परीक्षा करणारी ती एकटीच). मी शेठना लिहून कळवले, की हा रंग माशांना बाधू शकतो. शेठ म्हणाले, "मॅडम, नियम गाळाचा हाय. ह्यो गाळ न्हाय, ह्यो रंग हाय. रंगाचा नियम कुटं हाय दावा." मी शोधला. खरोखरच नव्हता. इतका बिनतोड युक्तिवाद मी कोणत्याही पाठ्यपुस्तकात वाचलेला नाही.

सुदैवाने शेठनी अखेर योग्य कापड आणले. माझ्या सविस्तर टिपणामुळे आणले, असा माझा गैरसमज काही काळ होता. नंतर कळले, की ती रील त्यांच्या सासुरवाडीपर्यंत पोहोचली होती. बाहेर काढलेले टॉवेल मायाक्काने बायकांकडून पिंपात बुडवून, पिळून, रंग पुरता उतरेपर्यंत धुऊन घेतले आणि ठेवून दिले. "आसू दे. कुटंतरी लागतील," म्हणाली. मोर फिके पडले, पण टॉवेल शाबूत राहिले.

आता मासे हलवण्याचा दिवस. माझी योजना साधी होती: पहाटे गार वेळी मधल्या पाण्यातले मासे जाळ्यांनी धरायचे, टबांत घालून खालच्या बांधापलीकडे सोडायचे आणि कोणालाही न कळता घरी जायचे. शेठना शेवटचा भाग पटला नाही. एवढे पुण्याचे काम गुपचूप कसे करायचे? म्हणून मांडव आला, ध्वनिक्षेपक आला, खुर्च्या आल्या आणि एक प्रमुख पाहुणे आले (ते कशाचे प्रमुख होते हे कार्यक्रम संपेपर्यंत स्पष्ट झाले नाही, परंतु त्यांना बसायला सर्वांत मोठी खुर्ची होती). बायका अंधार असताना पाण्यात उतरल्या होत्या. टब भरले. मी दर थोड्या वेळाने टबांत ताजे पाणी घालत फिरत होते. आणि मग माझ्या लक्षात आले, की मांडव घातला आहे तो दोन बांधांच्या मधल्या काठावर. तिथे करंजाची सावली चांगली पडते आणि पाण्यात आभाळ दिसते, म्हणून फोटोवाल्याने जागा निवडली होती. म्हणजे पाहुणे हात पुढे करून ज्या पाण्यात मासे सोडणार होते, तेच पाणी दुसऱ्या दिवशी उपसले जाणार होते.

आता कोणीही शहाणा माणूस उठून म्हणाला असता, 'थांबा, हे चुकते आहे.' मी चिठ्ठी लिहिली. 'मासे या पाण्यात सोडू नयेत. हे पाणी उद्या उपसणार आहे. कृपया बांधापलीकडे सोडावेत.' खाली सही: दानेश्वरी. चिठ्ठी हातोहात व्यासपीठाकडे गेली. मामा, आपण इतक्या सभांचे अध्यक्षस्थान भूषवले आहे, तेव्हा आपल्याला पुढचे सांगण्याची गरज नाही. पण मी आजवर प्रेक्षकांतही शेवटच्या रांगेत बसत आले, त्यामुळे मला हे ठाऊक नव्हते, की आपल्याकडे चालू कार्यक्रमात व्यासपीठाकडे जाणारी चिठ्ठी ही एकाच कारणासाठी जाते: कोणाचे तरी सत्काराचे नाव राहिलेले असते. सूत्रसंचालक गुरुजींनी वर्षानुवर्षांच्या सवयीने चिठ्ठी उघडली, मजकुराकडे न पाहता तळाचे नाव वाचले आणि अत्यंत खेदाने जाहीर केले, की एक महत्त्वाचे नाव अनवधानाने राहून गेले असून त्याबद्दल संयोजक दिलगीर आहेत. टाळ्या झाल्या. मला वर बोलावण्यात आले. नारळ देण्यात आला. बायकांसाठी वेगळी सोय नसल्याने टॉवेल-टोपीच देण्यात आली (टॉवेल पांढरा होता, ही नोंद शेठच्या बाजूने घ्यावी). मग गुरुजींनी ध्वनिक्षेपक माझ्या तोंडासमोर धरला आणि म्हणाले, "दोन शब्द बोला." मी आज्ञाधारक विद्यार्थिनी आहे. मी मोजून दोन शब्द बोलले: "धन्यवाद. नमस्कार."

ओढ्याचा सगळा जीव त्या क्षणी माझ्या जिभेवर होता आणि मी टोपी सावरत खाली उतरले. मागे पाहुण्यांनी पहिला टब उपडा केला, फोटो झाला. दुसरा उपडा केला, फोटो झाला. मासे आनंदाने आपल्या जुन्या घरी परतले. त्यानंतर सर्व मंडळी भाकरी, आमटी आणि शेंगांच्या चटणीकडे वळली, आणि काठावर मी, नारळ व मायाक्का एवढेच उरलो. तिने लुगड्याचा काचा पुन्हा खोवला. "मॅडम, फाटंपासनं धरल्याले समदे हितंच सोडले की वो! ते पाव्हनं उद्याच्याला परत धराय येनार हायती व्हय?" मला रडू येत होते. तिला ते दिसले असावे. तिने लगेच ते फिके टॉवेल मागवले आणि चार-चार बायकांनी एकेक लांब जोडटॉवेल ताणून धरून पाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हा गाळून काढले. सोलापुरी टॉवेलातून झिंगासुद्धा निसटत नाही, असा निष्कर्ष नोंदवते. दिवस मावळायच्या आत मासे बांधापलीकडे गेले. त्या दुसऱ्या सोडण्याचा फोटो नाही.

दुसऱ्या दिवशी पाणी उपसले. तळाला मऊ, काळा, अगदी निरागस दिसणारा चिखल. शेठ काठावर उभे राहून म्हणाले, "बगा, एक मासा न्हाय. करा सही." मी म्हणाले (हो, म्हणाले, पण इतक्या हळू, की शेठना वाकून ऐकावे लागले), की चिखलात कासवे असतील, हाताने चाचपून पाहू द्या, मग सही करीन. शेठनी काठाकाठाने नजर फिरवली. "कासव आसतं तर दिसलं आसतं." मी म्हणाले, ते दिसू नये म्हणूनच आत गेलेले असते. शेठनी मला समजावले, की पावसाच्या आधी दगड बसले नाहीत तर काठ पुन्हा पडेल. वाट पुन्हा जाईल. माणसांनी मग काय कासवाच्या पाठीवर बसून शेतात जायचे? त्यात खोटे काही नव्हते, मामा. वाट खरोखर पडते. मला दगड नको नव्हते. मला दगडांच्या आधी एक सकाळ हवी होती. शेठ म्हणाले, सकाळी यंत्र लागणार, सही संध्याकाळपर्यंत केली तरी चालेल. म्हणजे संमती आधी आणि काम नंतर, हा क्रम त्यांनी केवळ माझ्या सोयीसाठी उलटा केला.

सकाळी मी पहिल्या एसटीने वैरागला उतरून, पुढे मिळेल त्या रिक्षाने पोहोचले. मायाक्का बायकांना घेऊन पलीकडच्या टोकापासून चिखल चाचपू लागली होती. आणि तिप्पण्णांनी या टोकाला यंत्र चालू केले होते. माझ्या हातात चिठ्ठी होती. (होय, मामा. मी ती एसटीतच लिहून आणली होती. सवय.) पोकलेनचा पंजा काठालगतच्या चिखलात शिरला, वर आला, आणि खाली जो खड्डा पडला त्याच्या कडेला चिखलाने डोळे उघडले. मी दुसऱ्या शब्दांत सांगू शकत नाही. काळ्या चिखलात एक बोटभर टोकदार नाक वर आले, दोन डोळे उघडले, आणि पंजा पुन्हा त्याच जागी उतरू लागला.

त्यानंतर जे झाले त्याची जबाबदारी मी घेत नाही. "ए तिप्पण्णा! निल्लसो! निल्लसोऽ!" (आपल्याला अर्थ सांगायला नकोच, थांबव रे, थांबव.) अव्वा विहिरीच्या काठावरून आपल्याला हाक मारत, तीच पट्टी, तोच शेवटचा हेलकावा, मला वाटले, माझ्या तोंडी त्याच येऊन उभ्या राहिल्या. करंजावरचे बगळे उडाले. पलीकडच्या शेतातल्या माणसाने स्वतःची मोटरसायकल थांबवली. पंजा हवेत थांबला. यंत्र बंद झाले, आणि तिप्पण्णांनी केबिनमधून डोके बाहेर काढून माझ्याकडे अतिशय दुखावलेल्या चेहऱ्याने पाहिले. "असं तोंडानं सांगायचं की, मॅडम! इतके दिवस कागद कशाला दिला?" त्यांना त्या चिठ्ठ्या म्हणजे मी त्यांच्या यंत्रासाठी लिहून आणलेला एखादा मंत्र वाटत होत्या. मायाक्का चिखलात उभी राहून हसून हसून वाकली. "आता कळलं मॅडम का बोलत न्हवत्या! ह्यो आवाज सुटला तर बांध फुटंल!"

नाक पुन्हा आत गेले होते. आम्ही सगळ्यांनी हातांनी चिखल उपसला, तिप्पण्णाही विजार दुमडून उतरले. एक कासव निघाले. त्याच्या शेजारी आणखी एक, मग काठाच्या पोकळीत दोन, आणि सर्वांत शेवटी, ज्या जागेवर शेठ आदल्या दिवशी उभे राहून 'कासव आसतं तर दिसलं आसतं' म्हणाले होते त्या जागेच्या बरोबर खाली, सर्वांत मोठे. पाच. त्यांना ओलावा आणि अंधार हवा असतो. आणि जगात ओल्या टॉवेलपेक्षा जास्त ओले राहणारी वस्तू नाही. एकेक कासव फिक्या गुलाबी टॉवेलात गुंडाळून टबात ठेवले, मोर वरच्या बाजूला. आहेर अखेर पाहुण्यांना पोहोचला. एवढ्यात शेठ आले, त्यांनी सर्वांत मोठ्या कासवाला हात जोडले आणि फोटोवाल्याला बोलवा म्हणाले. मी "फोटो नाही!" म्हणाले. तेही त्याच पट्टीत आले. शेठ दोन पावले मागे सरले आणि त्यानंतर ते माझ्याशी 'ओ मॅडम' असे सुरू करून बोलू लागले आहेत.

कासवांना परस्पर हलवता येत नाही, म्हणून वनरक्षक रत्नदीप सरांना बोलावले. त्यांनी रीतसर पंचनामा केला, कासवे तपासली, आणि त्याच ओढ्यात खाली, काम चालू नाही अशा, पावसापर्यंत पाणी टिकणाऱ्या जवळच्या जागी ती माझ्या देखरेखीत सोडावीत असे लिहून दिले. तशी जागा मिळाली. कासवे सोडली. त्यातल्या मोठ्याने पाण्यात जाताना मागे वळूनही पाहिले नाही, आणि मला त्याच्याबद्दल आदर वाटला.

तेव्हा मामा, आपण मला ज्या हेतूने 'भायेर' काढले तो सफल झाला; आता मला पुन्हा आत जाऊ द्यावे. ही नोकरी मी सोडावी असा माझा विचार आहे. घसा बसला आहे, कंबर दुखते आणि चष्म्याच्या (आपणच ठरवलेल्या) काडीत चिखल आहे. मला ग्रंथालयात काहीतरी मिळेल. तिथे ओरडण्यास मनाई असते. शेठना आपणच सांगावे, मला संकोच वाटतो. मामींना शरणार्थ, वैष्णवीला प्रेम, म्हशीला हिरवा चारा.

आपली भाची,
दानेश्वरी

ता. क. : कासवे कोठे सोडली ते लिहायचे राहिले. त्या दिवशी आपण बार्शीला लग्नाला गेला होता. वर वर्णन केलेली जागा म्हणजे आपल्या चिंचेखालचा डोह. मामींनी प्रत्येक कासवाला ओवाळले आणि रत्नदीप सरांना ताक दिले. आपल्याला हे लगेच सांगू नये, मी नीट पत्र लिहून कळवीन, असे आमचे ठरले होते.

ता. क. दुसरा : त्या डोहातले पाणी पावसापर्यंत टिकणे आवश्यक आहे. आपला मळा विहिरीवर भिजतो, हे मी जाणते. डोहावरची मोटर केवळ हुरडा पार्टीच्या पाहुण्यांसाठी लावलेली हिरवळ भिजवते, आणि वैशाखात हुरडा खायला कोणीही येत नाही. तरी पाऊस पडेपर्यंत ती मोटर बंद ठेवावी, ही या पत्रातील एकमेव विनंती. विनंती औपचारिक आहे. मोटर परवापासून चालू होत नाही म्हणून आपण वायरमनला बोलावले असेल, तर त्याला माघारी पाठवावे. बिघाड काही नाही. पेटीतले तिन्ही फ्यूज मामींनी काढून मला दिले आहेत. ते सोलापुरात, एका गुलाबी टॉवेलात, माझ्या पुस्तकांच्या कपाटात सुखरूप आहेत.

ता. क. तिसरा : नोकरी सोडण्याविषयीचा मजकूर रद्द समजावा, शेठशी बोलू नये. कामाचा पुढचा टप्पा आपल्या पेरूच्या बागेकडचा काठ आहे, असे आज कळले. तो काठ पक्का व्हावा म्हणून आपण किती वाट पाहिलीत, हे आई नेहमी सांगते. त्या कामाला सुरुवात करण्यापूर्वी आसपासचे सर्व जलचर, डोहातल्यांसह, सुखरूप असल्याची माझी लेखी संमती लागते. आपण म्हणाला होता तेच खरे, मामा: नुसते सही करायचे काम आहे. ती मी पहिल्या पावसानंतर, डोह पाहून करीन.